चेनसॉची चेन दहा मिनिटांत ढिली पडते, बसवण्यात कुठे चुकतंय?

खटपट्या

नमस्कार मंडळी. शोधून पाहिलं, या विषयावर आधीचा धागा दिसला नाही, म्हणून नवा काढतोय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

पेट्रोलवर चालणारा चेनसॉ आहे, १६ इंची बार (ज्याच्या कडेने चेन धावते तो लांब पत्रा). पहिली चेन दाते संपेपर्यंत वापरली आणि काल नवी चढवली. काय काय केलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे चूक पकडता येईल. कव्हरचे दोन नट काढले, कव्हर बाजूला केलं, बार आणि जुनी चेन उतरवली, बार फडक्याने स्वच्छ पुसला. नवी चेन स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) टाकून बारच्या खाचेत बसवली, कव्हर लावलं, नट बऱ्यापैकी आवळले आणि मग ताणाचा स्क्रू फिरवत गेलो, चेन तारेसारखी ताठ होईपर्यंत.

दोन ओंडके कापले आणि चेन बारखाली झोळीसारखी लोंबायला लागली. मशीन बंद करून पुन्हा ताणली. दहा मिनिटांत पुन्हा तेच. असं तीनदा झालं, चौथ्या वेळी चेन बारवरून उतरलीच. कुणाला लागलं नाही, पण छातीत धस्स झालं ते अजून आहे.

आणखी एक. दर वेळी ताणून झाल्यावर नट आवळायला गेलो की ते आधीपेक्षा पाव-अर्धा फेरा जास्त आत जायचे. माझ्याच हातात जोर कमी असेल म्हणून सोडून दिलं. बाकी मशीन झकास आहे, तेल तर इतकं कमी खातं की पेट्रोलची टाकी संपली तरी चेनच्या तेलाची टाकी पाऊण भरलेली असते.

चेनच हलक्या प्रतीची निघाली का?

---

मोघम

चेनच. नवीन घ्या.

---

ढलपी

मोघमराव, एका दिवसाच्या चेनला लगेच फाशी? :-)

खटपट्या, दात्यांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते एकदा बघून घ्या. हसू नका. माझ्याकडून एकदा झालं होतं. बार दोन्ही कडांनी सारखा झिजावा म्हणून तो अधूनमधून उलटा करायचा असतो. मी तो उलटा केला, त्यावरची अक्षरं अर्थातच उलटी झाली, आणि चेन बसवताना मेंदूनेही अक्षरांच्या मागे जाऊन उलटी उडी मारली. मशीन सुरू, आवाज जोरदार, आणि लाकडातून फक्त धूर. भुसासुद्धा पडत नव्हता, पडत होती ती काळपट पूड. अर्धा तास मी "लाकूडच फार कठीण आहे हो" असं सगळ्यांना सांगत होते.

तेव्हापासून एकच खूण लक्षात ठेवली आहे. बारच्या वरच्या कडेवरचे दाते टोकाकडे तोंड करून धावले पाहिजेत. बारवर काहीही छापलेलं असो.

---

खटपट्या

दिशा बरोबर आहे ताई, ते पाहिलं. कापत व्यवस्थित होतं, ढलप्याही मोठ्या पडत होत्या. फक्त ढिली पडते.

---

कानसकाका

खटपट्या, तुमचं वर्णन वाचून दोन ठिकाणी हात थबकला.

पहिलं, क्रम. तुम्ही नट आवळलेत आणि मग ताणाचा स्क्रू फिरवलात. हे उलटं आहे. ताणाचा स्क्रू करतो काय, तर एका छोट्या खुंटीला पुढे ढकलतो. ती खुंटी बारच्या भोकात अडकलेली असते, म्हणून बार पुढे सरकतो आणि चेन ताणली जाते. नट आवळलेले असतील तर बार सरकणार कसा? सगळा जोर त्या बिचाऱ्या स्क्रूच्या आट्यांवर येतो. थोडा अजून जोर लावला असतात तर आटे गेले असते. ताणताना नट फक्त बोटांनी फिरवून टेकवलेले असावेत.

दुसरं, तुम्ही बारचं टोक उचलल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. बहुतेक जण इथेच घसरतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बारच्या मागच्या टोकाला लांबट खाच असते आणि ती मशीनच्या दोन बोल्टांवर बसते. खाच आणि बोल्ट यांत थोडी मोकळीक असते, त्यामुळे नट सैल असताना बारचं टोक वरखाली डुलतं. हात लावून बघा, चांगलं जाणवेल. स्वतःच्या वजनाने ते खाली झुकलेलं असतं. त्याच स्थितीत चेन ताणून नट आवळलेत, तर ताण त्या झुकलेल्या बारचा झाला. आता कापायला घ्या. आपण बारच्या खालच्या कडेने कापतो, म्हणजे लाकूड बारला वर रेटतं. बार वरच्या अंगाला जाऊन बसतो आणि चेन तेवढी ढिली होते. म्हणून एका हाताने टोक वर उचलून धरायचं, तसंच धरून स्क्रू फिरवायचा आणि तसंच धरून नट पक्के करायचे. टोकाजवळचा नट आधी की मागचा, यावर लोक भांडतात, मला फरक दिसलेला नाही. टोक मात्र शेवटचा नट पक्का होईपर्यंत सोडायचं नाही. एकट्याला जड जात असेल तर टोक एखाद्या लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवा आणि मशीनचं मागचं अंग खाली दाबा.

आता ताण किती. तारेसारखी ताठ नको. खालच्या कडेला चेन बारला जेमतेम टेकलेली हवी, मधे उजेड दिसता कामा नये. मग वरच्या कडेला मध्यावर चेन चिमटीत धरून उचला. आतले पाय, म्हणजे खाचेत धावणारे ते माशाच्या पंखासारखे तुकडे, थोडे वर यावेत पण खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत. सोडलीत की टप्‌कन जागेवर बसली पाहिजे. शेवटी हातमोजा घालून चेन पुढे ओढा. अडखळली, दोन बोटांनी हलेना, तर जास्त ताणली. तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात ते इथे शब्दशः खरं आहे, फक्त आधी चेन नाही तुटत, टोकाचं बेअरिंग जातं.

हे सगळं मशीन बंद, गार, आणि प्लगची टोपी काढलेली असताना. बॅटरीवालं असेल तर बॅटरी बाहेर, वायरचं असेल तर पिन बाहेर. आणि ब्रेक सोडलेला, नाहीतर चेन हाताने फिरणारच नाही आणि तुम्हाला वाटेल ताण जास्त झाला.

---

रानगवा

काका, एवढं सोवळं कशाला? आम्ही दिवसभर कापतो. ढिली झाली की तिथेच, गरम असतानाच स्क्रू अर्धा फेरा, नट आवळ, पुढे चल. वर्षानुवर्षं चाललंय.

---

कानसकाका

कामाच्या मधे ताणायला माझी ना नाही. ढिल्या चेनने कापण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. प्रश्न संध्याकाळचा आहे. काम संपल्यावर तुम्ही तोच ताण परत सैल करता का?

---

रानगवा

सैल कशाला करायचा? सकाळी ताणलेलीच मिळते की.

---

त्रैराशिक

रानगवा, सकाळी "ताणलेली" मिळते ती कशी मिळते याचं गणित मांडून बघू. मला लाकूड कापण्यातलं फार कळत नाही, बागेतल्या फांद्यांपुरता संबंध, पण हा हिशोब मजेदार आहे.

१६ इंची बारवर साधारण ५६ पायांची, ३/८ इंच पिचची (पिच म्हणजे लागोपाठ तीन रिव्हेटांमधल्या अंतराचा निम्मा) चेन असते असं धरू. प्रत्येक पाय दोन पिचांची जागा घेतो, म्हणजे ५६ × ३/४ = ४२ इंच, सुमारे १०६७ मिमी. पोलाद दर मीटरला दर अंश सेल्सियसमागे ०.०१२ मिमी वाढतं. काम करताना चेन ८० अंशांनी तापली तर वाढ झाली साधारण १ मिमी.

एक मिमीने काय होतं? इथे गंमत आहे. बारच्या खाली चेन जवळपास ४०० मिमी अंतरात मोकळी असते. तेवढ्या अंतरात दोरी फक्त १ मिमी जास्त लांब असेल तर ती मध्यावर १२ मिमी लोंबते. एकास बारा! म्हणून डोळ्याला वाटतं चेन केवढी ताणली गेली, प्रत्यक्षात वाढ नखाच्या जाडीइतकी असते. बारही थोडा तापतो, त्यामुळे आकडा तंतोतंत नाही, पण अंदाज यावा.

आता उलट फिरा. तुम्ही गरम चेनचा तो मिलिमीटर स्क्रूने खाऊन टाकला. रात्री चेन गार झाली, तिला १ मिमी आखडायचंय, आणि आखडायला जागा नाही. ती एका बाजूला बारचं टोक ओढते आणि दुसऱ्या बाजूला स्प्रॉकेट, म्हणजे पर्यायाने इंजिनचा दांडा. रात्रभर.

---

कानसकाका

त्रैराशिक, हे मी वीस वर्षं "गार झाली की आखडते, दांड्याला त्रास होतो" एवढंच सांगत आलोय. एकास बारा हे आजपासून माझं.

---

रानगवा

बरं बुवा. गेल्या वर्षी दांड्याचं बेअरिंग बदलावं लागलं होतं, ते यामुळेच असं मी म्हणणार नाही. पण संध्याकाळी अर्धा फेरा उलटा फिरवायला काही पैसे पडत नाहीत. करतो.

---

खटपट्या

काका, तुम्ही सांगितलेल्या क्रमाने आज सकाळी पुन्हा सगळं उघडायला घेतलं आणि नवीच भानगड झाली. चेन, बार, सगळं बसलं. कव्हर काही केल्या जागेवर जात नाहीये. ड्रमवर अडकतं. आधी तर सहज बसलं होतं!

---

निम्मापाना

हाहा, स्वागत आहे. कव्हर हातात असताना पुढच्या ब्रेकच्या दांडीला धक्का लागला ना?

काही मशीनमध्ये ब्रेकचा पट्टा कव्हरमध्येच असतो (काहींमध्ये तो मशीनच्या अंगात असतो, त्यांना ही कटकट नाही). कव्हर बाहेर असताना दांडी लागली की पट्टा आकसतो आणि मग त्याच्या आत क्लचचा ड्रम मावत नाही. हातोडा हातात घेण्याआधी वाचा. बऱ्याच कव्हरांत आत ब्रेकची यंत्रणा जिथे असते तिथे पान्याच्या तोंडाने किंवा दांडीनेच उलटं फिरवून पट्टा परत उघडता येतो. जोर बऱ्यापैकी लागतो, स्प्रिंग दमदार असते, त्यामुळे कव्हर शिकंज्यात धरा आणि बोटं लांब ठेवा. यापुढे कव्हर काढण्याआधी दांडी हँडलकडे ओढून ब्रेक सुटलाय याची खात्री करत जा.

मी हे शिकलो तेव्हा ड्रमच किंचित घासून लहान करावा का, असा विचार करत कानस शोधायला निघालो होतो.

---

खटपट्या

बसलं! तुम्ही म्हणालात तसंच होतं, दांडी पुढे पडलेली. धन्यवाद.

टोक उचलून, गार चेनवर, नट बोटांनी टेकवून ताणली. फरक पडलाय. पण संपलेलं नाही. आता दहा मिनिटांऐवजी वीस-पंचवीस मिनिटं टिकते. आणि चेन फिरवताना एका जागी किंचित अडखळते, खट् असा आवाज येतो. नवीन आहे, थोडी लांबणारच का?

---

कानसकाका

नवी चेन सुरुवातीला लांबते हे खरं. पोलाद रबरासारखं ताणलं जातं असं नाही, रिव्हेटा आणि त्यांची भोकं एकमेकांत बसतात. त्रैराशिक, करा हिशोब.

---

त्रैराशिक

५६ पाय, म्हणजे ११२ रिव्हेटा. प्रत्येक सांध्यात ०.०१ मिमीचा फरक पडला, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी, तरी एकूण १.१२ मिमी. वर सांगितलेल्या हिशोबाने पुन्हा १२ मिमीच्या पुढे झोळ. म्हणजे नव्या चेनचं पहिल्या काही ओंडक्यांत ढिलं पडणं रास्त आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. बार पुढे सरकला की वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू ताणल्या जातात. म्हणून बार नुसता अर्धा मिमी हलला तरी चेनला १ मिमीचा फरक पडतो. स्क्रू हळू फिरवा म्हणतात ते यासाठी असावं.

---

कानसकाका

म्हणूनच नवी चेन आदल्या रात्री तेलात बुडवून ठेवावी, आधी काही मिनिटं रिकामी, फार जोर न देता फिरवावी, मग मशीन बंद करून ताण बघावा. पहिल्या दिवशी दोन-तीनदा ताणावी लागली तर घाबरायचं नाही. मात्र दर वीस मिनिटांनी अख्खा दिवस, हे काही रिव्हेटा बसण्याचं लक्षण नाही.

तो खट् आवाज मात्र ओळखीचा आहे. परवा चेन उतरली होती ना? उतरताना ती स्प्रॉकेटच्या दातांवर आपटते आणि एकदोन पायांच्या कडेला ओरखडे येऊन पोलादाची बारीक कोर उभी राहते. तो पाय मग खाचेत नीट शिरत नाही. चेन काढा, टेबलावर पसरा, प्रत्येक पायाच्या दोन्ही बाजूंवरून नख फिरवा. नख जिथे अडेल तिथे चपटी कानस, फक्त उभी राहिलेली कोर काढण्यापुरती. पायच वाकला असेल किंवा असे पाच-सहा निघाले तर ती चेन ठेवू नका.

आणि स्प्रॉकेट कितवी चेन बघतोय? दोन चेन झाल्या की तो बदलावा, हा आमचा हिशोब. दातांवर पायांनी पाडलेल्या खळग्या अर्धा मिमीपेक्षा खोल गेल्या असतील तर नवी चेन त्यावर टाकणं म्हणजे नवी चेन लवकर जुनी करणं.

---

नवशिका_सराव

मधेच विचारतो, माफ करा. चेन घेताना नक्की काय जुळवायचं? मला सोळा इंची म्हणून दिलेली चेन बारवर छान बसली, पण फिरवताना स्प्रॉकेटवरून उड्या मारते.

---

निम्मापाना

बारची लांबी सांगून चेन घेतलीत, तिथेच फसलात. तीन गोष्टी जुळायला हव्यात: पिच, पायांची जाडी आणि पायांची संख्या. पिच म्हणजे लागोपाठ तीन रिव्हेटांमधलं अंतर भागिले दोन. ३/८ इंच आणि ०.३२५ इंच हे नेहमीचे. बारची खाच दोन्हींना आत घेते, म्हणून वाटतं बसली. स्प्रॉकेट मात्र एकाच पिचला ओळखतो, दुसरी आली की उडी. जाडी १.१, १.३, १.५, १.६ मिमी अशी असते. १.५ च्या खाचेत १.३ ची चेन घातलीत तर ती आत डुलते आणि काप वाकडा जातो. हे सगळं बारच्या मागच्या भागात, कव्हरखाली झाकल्या जाणाऱ्या जागेत ठोकलेलं असतं. काजळी पुसा, दिसेल. पाय मोजताना पहिल्यावर खडूची खूण करा, नाहीतर पन्नासच्या आसपास हमखास चुकतं.

---

नवशिका_सराव

बारवर ०.३२५ आहे. चेनच्या पाकिटावर ३/८. समजलं. आभार.

---

ढलपी

खटपट्या, मी सकाळपासून तुमचा पहिला प्रतिसाद परत परत वाचतेय. आम्ही सगळे चेनच्या मागे लागलो आहोत, पण तुम्ही तिथे दोन गोष्टी सहज बोलून गेलात आणि आपण कुणीच त्या उचलल्या नाहीत.

एक, नट दर वेळी पाव-अर्धा फेरा जास्त आत जातात. धातूवर धातू दाबलेला असेल तर नट एकदा पक्का झाला की तिथेच थांबतो. दर वेळी आत जातोय याचा अर्थ मधे काहीतरी मऊ आहे आणि ते दबत चाललंय.

दोन, तेल फार कमी लागतं. हे कौतुकाचं नाहीये हो. साधारणपणे पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत तेलाची टाकीही संपत आलेली असते, मशीन तशीच बनवतात. तुमची पाऊण भरलेली राहते, म्हणजे तेल चेनपर्यंत पोचत नाहीये. चेन कोरडी, म्हणून जास्त तापते, म्हणून जास्त लोंबते.

तुम्ही बार पुसलात असं लिहिलंय. बार ज्यावर टेकतो ती मशीनची बाजू पुसलीत का? तेल बाहेर येण्याचं भोक तिथेच असतं.

---

कानसकाका

ढलपी, मी पान्याच्या पुढे बघितलंच नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. खटपट्या, उघडा आधी.

---

खटपट्या

उघडलं. फोटो टाकायची लाज वाटतेय, म्हणून शब्दांत सांगतो.

बारमागे मशीनच्या अंगावर, दोन्ही बोल्टांच्या भोवती, तेल आणि भुसा यांची वडी बसली होती. काळी, चकाकणारी, आणि इतकी घट्ट की मी ती इतके दिवस मशीनचाच भाग समजत होतो! काल कव्हर उघडलं तेव्हाही मी तिच्यावरून फडकं फिरवलं होतं, आणि ती फडक्याने छान चमकली होती. स्क्रू ड्रायव्हरचं टोक कडेला घातलं तर अख्खा पापुद्रा सुटून आला. बोल्टांची छिद्रं त्यात स्वच्छ उमटलेली, साच्यात काढल्यासारखी. पट्टीने मोजलं, दोन मिमीच्या वर जाडी.

पापुद्र्याखाली धातूवर आडवी बारीक खाच आणि तिच्यात एक भोक. तेलाचं भोक. पूर्ण बुजलेलं. बारच्या मागच्या टोकाला त्याच्याच समोर येणारं भोक आहे, तेही भुशाने ठासलेलं. दोन्ही बारीक तारेने उघडली. बारची खाच पण पातळ पत्र्याच्या पट्टीने टोकाकडे ओढत साफ केली, त्यातून जे निघालं ते सांगत नाही.

चेनच्या दोन पायांवर काका म्हणाले तशी कोर होती, नखाला लागली. कानस दोनदा फिरवली, आता खट् बंद. स्प्रॉकेटवर खळगी दिसतेय पण नख जेमतेम अडतं, ही चेन संपली की बदलतो.

जोडून मग मशीन चालू करून बारचं टोक फिक्या रंगाच्या बुंध्याच्या कापापासून वीतभर लांब धरलं आणि जरा वेग दिला. बुंध्यावर तेलाची बारीक रेघ उमटली. ही रेघ मी आजवर पाहिलीच नव्हती.

---

त्रैराशिक

दोन मिमीचा मऊ थर! त्यावर नट आवळलेले, तो दबला की नटांची पकड जाणार आणि बार डुलायला मोकळा. अर्धा मिमी हलायला वेळ कितीसा लागतो. आणि वर कोरडी चेन, म्हणजे तापही जास्त. दोन्ही कारणं एकाच वडीतून.

---

रानगवा

मी आत्ताच माझं उघडून आलो. मोजायला पट्टी नव्हती, पण बोटाच्या पेरात मावेल एवढा निघाला. गप्प बसतो.

---

मोघम

म्हणजे चेन नवीन घ्यायला नको?

---

ढलपी

नको मोघमराव. :-)

---

पायवाट

धागा छान चाललाय. एक अवांतर. ही आजची चेन सुचली कशी हे वाचलं होतं. जोसेफ कॉक्स नावाचा अमेरिकेतला लाकूडतोड्या १९४६ साली एका बुंध्यावर लाकूड पोखरणाऱ्या किड्याची अळी बघत बसला होता. ती लाकडाच्या तंतूंच्या आडवी, उभी, कशीही जाई, कारण तिचे दोन्ही जबडे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे आलटून पालटून कुरतडत. त्यावरून त्याने डाव्या-उजव्या दात्यांची चेन बनवली आणि १९४७ मध्ये ती विकायला सुरुवात केली. तुमच्या चेनवर एक दाता डावा, एक उजवा असतो तो तिथून.

---

कानसकाका

आणि म्हणून धार लावताना एका बाजूचे दाते जास्त घासले की काप त्या अळीसारखा सरळ न जाता वळायला लागतो. पण तो वेगळा धागा.

---

खटपट्या

आज दुसरा दिवस. सकाळी गार असताना ताणली, साडेतीन तास काम झालं, मधे एकदाच स्क्रू पाव फेरा लागला. नट जिथे थांबवले तिथेच आहेत, खडूने खूण केली होती. तेलाची टाकी पेट्रोलच्या सोबतच भरावी लागली. दोनदा.

एकच शंका उरली. वेग सोडला, मशीन नुसतं घरघरत असतं, तेव्हा चेन हळूहळू पुढे सरकते. आधी कोरडी आणि ताठ होती तेव्हा सरकत नव्हती. ताण कमी पडला का?

---

निम्मापाना

ताणाचा संबंध नाही, उलट आता चेन मोकळी फिरतेय म्हणून दिसायला लागलं. मंद वेगाचा स्क्रू थोडा कमी करा. चेन थांबली पाहिजे आणि मशीनही बंद पडता कामा नये, एवढं बसलं की झालं. ते करूनही चेन सरकतच राहिली तर क्लचच्या स्प्रिंगा बघाव्या लागतील, आणि तोवर ते मशीन हातात घेऊन चालू नका.

---

खटपट्या

स्क्रू पाव फेरा कमी केला. थांबली.

आणि हो काका, संध्याकाळी ताण सैल करून ठेवलाय.